व्हिनेगर नको, सोडा हवा

"घरी टाय अँड डाय केलं, दिसायला छान झालं, पण दोन धुण्यांत फिकं पडलं आणि बादलीतले बाकीचे कपडेही गुलाबी झाले. रंग पक्का करायला मीठ किती घालायचं? व्हिनेगर चालेल का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

चूक बहुतेक वेळा रंगाच्या खरेदीतच झालेली असते. किराणा किंवा स्टेशनरीच्या दुकानात कपडे रंगवायची जी छोटी पुडी मिळते, तिच्यात सहसा डायरेक्ट डाय असतो. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तो सुतावर चढतो खरा, पण सुताला नुसता चिकटून राहतो आणि प्रत्येक धुण्यात थोडा थोडा सुटतो. व्हिनेगरने त्यात काहीच फरक पडत नाही. आम्लाचं काम लोकर आणि रेशमाच्या रंगांना. सुती कापडाला त्याचा उपयोग नाही, आणि पुढे सांगते त्या रंगांना तर ते मारकच आहे.

घरच्या कामाला रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या, तेही कोल्ड ब्रँड म्हणजे 'एम' वर्गाचे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत रॅटी आणि स्टीफन यांनी १९५४ मध्ये ते शोधले आणि १९५६ मध्ये 'प्रोसिऑन' या नावाने ते बाजारात आले. हा रंग सुतातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध करतो, म्हणजे धाग्याचाच भाग होतो. त्यासाठी उकळावं लागत नाही, फक्त अल्कली लागते, म्हणजे सोडा. मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजारात हे रंग सुटे मिळतात, आणि ऑनलाइनही मिळतात. दुकानात 'रिअ‍ॅक्टिव्ह' एवढंच सांगू नका. 'एच' वर्गाचे रंग गरम पाण्यात चढतात. ते हातात पडले तर थंड पद्धतीने केलेलं सगळं काम धुऊन जाईल.

कापड सुती किंवा सेल्युलोजच्याच दुसऱ्या धाग्याचं हवं. मलमल, केंब्रिक, पॉपलिन, खादी, मांजरपाट, लिनन, व्हिस्कोस रेयॉन हे सगळे चालतात. पॉलिएस्टर हा रंग घेतच नाही. टेरिकॉटमधलं फक्त सूत रंगतं, त्यामुळे गडद लालाऐवजी धुरकट गुलाबी मिळतो. टी-शर्ट शंभर टक्के सुती असला तरी शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असतो आणि तो पांढराच राहतो. ते आधीच माहीत असावं, म्हणजे नंतर खंत वाटत नाही.

नवं कापड तसंच वापरू नका. त्यावर खळ असते, मऊपणासाठी लावलेलं फिनिश असतं. बादलीभर कडकडीत पाण्यात दोन चमचे सोडा आणि थोडी डिटर्जंट पावडर घालून कापड वीस मिनिटं त्यात ठेवा आणि खळखळून धुवा. मांजरपाट असेल तर चक्क उकळा. मग सुकलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो लगेच शोषला गेला पाहिजे. मोत्यासारखा वर बसून राहिला, तर रंगही तसाच वर बसेल आणि डाग पडतील. या धुण्यात फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालायचं नाही.

आता सोडा. हवा तो सोडा अ‍ॅश, म्हणजे कोरडी पांढरी भुकटी. एका लिटर पाण्याला ६० ग्रॅम. पाच लिटर पाण्यात ३०० ग्रॅम सोडा चार-पाच टी-शर्टना पुरतो, आणि उरलेलं पाणी झाकून ठेवलं तर पुढच्या वेळीही चालतं. धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, म्हणून ६० ग्रॅमच्या जागी साधारण १६० ग्रॅम घ्यावा लागतो. खायचा सोडा या कामाला फार सौम्य आहे. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, कारण सोडा ते खातो. कापड त्यात वीस मिनिटं बुडवून ठेवायचं आणि घट्ट पिळायचं. थेंब गळत असताना रंग घातला तर तो पाण्याबरोबर वाहून जातो आणि जिथे नको तिथे पोचतो.

रंगाचं पाणी वेगळं करायचं. पाव लिटर पाण्याला ८ ते १० ग्रॅम रंग म्हणजे भरदार छटा. काळ्याला दुप्पट-तिप्पट लागतो, टर्किज निळ्याला दुप्पट. त्यात २० ग्रॅम युरिया घाला. युरिया ओलावा धरून ठेवतो आणि रंग नीट विरघळायला मदत करतो. खताच्या दुकानातला युरिया घेऊ नका: तो शेतीसाठी सवलतीत दिलेला असतो, शिवाय त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. रंगवाल्याकडे साधा युरिया मिळतो. आधी चमचाभर कोमट पाण्यात रंगाची लापशी करा, गुठळी राहू देऊ नका आणि मग उरलेलं पाणी घाला. पाणी कडकडीत नको. घरी बोअरचं पाणी येत असेल तर रंग कालवायला आरओ फिल्टरचं घ्या, कारण जड पाण्यात रंगाचे कण बसतात आणि कापडावर ठिपके उठतात.

भुकटी मोजताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा, खाली ओला कागद अंथरा. या रंगांची धूळ नाकातोंडात गेली तर काहींना दम्यासारखी अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की ती कायमची राहू शकते. चमचे, वाट्या, तराजू यांपैकी काहीही स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही. मुलांना बरोबर घ्यायचं असेल तर भुकटी तुम्ही कालवून ठेवा. बाटलीने रंग घालायला त्यांना द्या, हातमोजे घालून.

बांधणीबद्दल लोक कमी विचारतात आणि नक्षी बिघडते ती तिथेच. पांढरं राहायला हवं तिथे रंग शिरतो, कारण बांध सैल असतो. ठिपक्याचं उदाहरण घ्या. कापडाखाली हरभऱ्याचा दाणा धरायचा, वरून चिमटीत पकडून कापड दाण्याभोवती ओढून बसवायचं आणि दाण्याच्या गळ्याशी दोरा आवळायचा. दोरा सुती आणि मजबूत हवा. पहिले दोन वेढे नखाने दाबून धरायचे, मग त्यांना लागून पाच-सहा वेढे एकमेकांना चिकटून घ्यायचे, मध्ये फट न ठेवता. दोन वेढ्यांत कापड दिसलं की तिथे रंगाची रेघ उठणार. शेवटी दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून ओढून गाठ मारायची. इथे तुम्हाला बारीक कडं मिळेल. दाण्याएवढा भरीव पांढरा ठिपका हवा असेल तर दाण्यावर प्लास्टिकचा तुकडा चढवून त्यावरून बांधा. मोहरी, मूग, राजमा असे लहानमोठे दाणे घेतले की ठिपक्यांची मापं आपोआप बदलतात. हे बांधकाम कोरड्या कापडावर, मोकळ्या बोटांनी करावं. हातमोज्यांत दोरा आवळत नाही, आणि सोड्याच्या पाण्याने कातडी सुटते. बांधून झालं की ते गाठोडंच अर्धा तास सोड्यात बुडवायचं.

टी-शर्टवरच्या चक्रीला उलट क्रम बरा. सोड्यातून काढून पिळलेला शर्ट सपाट पसरायचा, मधोमध काटा-चमचा किंवा चिमटा खुपसून फिरवत जायचं. चुण्या दीड-दोन सेंटिमीटर उंचीच्या असाव्यात. त्या उंच होऊन आडव्या पडल्या तर आतला भाग रंगाला भेटतच नाही आणि पांढरे मोठे पट्टे राहतात. गोल चकती झाली की तीन रबरं एकमेकांना छेदून लावा, सहा भाग पडतात. एका मोठ्या शर्टाला दोन्ही बाजूंना मिळून अडीचशे ते तीनशे मिली रंग पुरतो. बाटलीचं तोंड चुणीत टेकवून हळू दाबा. वरून शिंपडलेला रंग वरच राहतो. चकती उलटा आणि मागूनही त्याच भागात तोच रंग घाला. खाली रंग साचू लागला की थांबा, कारण त्या डबक्यात सगळे रंग मिसळून मातकट होतात.

शेजारी कोणते रंग ठेवायचे हे सहा भाग भरण्याआधी ठरवा. पिवळ्याशेजारी लाल आला तर मध्ये केशरी मिळतो, निळा आला तर हिरवा. पिवळा-जांभळा, लाल-हिरवा किंवा केशरी-निळा शेजारी टेकले की मध्ये तपकिरी होणारच. तिथे बोटभर पांढरं सोडा. काळा रंग मिश्रणाचा असतो, त्यामुळे त्याच्या कडेला निळसर किंवा लालसर झाक फुटते. काहींना ती आवडते. मला ती आवडत नाही, म्हणून काळा मी बारीक रेघांपुरताच वापरते.

मग वाट बघायची. गाठोडं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि चोवीस तास हलवू नका. रंगाची सुताशी प्रक्रिया कापड ओलं असेपर्यंतच चालते. विदर्भातल्या मे महिन्यात उघडं ठेवलेलं कापड दोन-तीन तासांत वाळतं आणि काम अर्धवट थांबतं. थंडीत अडचण उलटी. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारावर येतो, तेव्हा प्रक्रिया रेंगाळते. पिशवी दिवसा उन्हात ठेवा आणि छत्तीस तास द्या. टर्किज सगळ्यात आळशी. थंडीत मी त्याच्या वाटेला जात नाही.

कितीही नीट केलंत तरी काही रंग सुताऐवजी पाण्याशीच बंध करून बसतो. तो फुकट गेलेला रंग धागा धरणार नाही, फक्त निघून जायला हवा. घाईने धुतलं तर तोच पांढऱ्या भागावर बसतो आणि सगळी नक्षी गुलाबी होते. म्हणून आधी गाठी न सोडता गाठोडं वाहत्या थंड पाण्याखाली धरा, पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत. यात सोडा निघतो आणि मोकळा रंगही बराच जातो. मग गाठी सोडा, पुन्हा थंड पाण्यातून काढा. त्यानंतर हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात चमचाभर डिटर्जंट घालून कापड दहा मिनिटं काठीने ढवळा, पाणी बदला, पुन्हा तेच. मोकळा रंग धाग्यातून सुटतो तो याच गरम पाण्यात. थंड पाण्याने कितीही वेळा धुतलं तरी तो चिवटपणे आत बसून राहतो आणि पुढे महिनाभर थोडा थोडा सुटतो. कापड वाळल्यावर त्यावर ओला पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालावर डाग उमटला तर आणखी एक गरम धुणं बाकी आहे.

मिठाचा प्रश्न राहिला. बाटलीने रंग घालताना मिठाची गरज नाही. ते लागतं पूर्ण कापड बुडवून रंगवताना. समजा मलमलीची ओढणी दीडशे ग्रॅम भरते. तीन लिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम रंग विरघळवा, ओली ओढणी बुडवा, मग १५० ग्रॅम मीठ तीन वेळा मिळून घाला. मीठ पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलतं. वीस मिनिटं हलवत राहा. त्यानंतर ३० ग्रॅम सोडा कपभर पाण्यात विरघळवून ओता, ओतताना ओढणी बाजूला धरा, म्हणजे सोड्याची धार थेट कापडावर पडून डाग उठणार नाहीत. पुढे तासभर अधूनमधून हलवा. या पद्धतीत बांधलेलं कापड आधी सोड्यात बुडवायचं नाही.

कच्छ-जामनगरच्या बांधणीचा फिक्याकडून गडदाकडे जाणारा क्रम इथे कामी येतो. पांढऱ्यावर जे बांधाल ते पांढरं राहील. ओढणी पिवळ्यात काढा, खळबळून पिळा, जुन्या गाठी न सोडता नव्या बांधा, ते पिवळे ठिपके. मग लालात. पिवळ्यावर चढलेला लाल नुसत्या लालापेक्षा उबदार दिसतो, आणि त्याच जागी निळा घेतलात तर जमीन, म्हणजे ठिपक्यांभोवतीचं कापड, हिरवी होते. गरम धुणं अगदी शेवटी, एकदाच. लहरिया, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची नक्षी, करायचा असेल तर ओढणी एका कोपऱ्यातून तिरकी गुंडाळत दोरखंडासारखी करा आणि चार-चार बोटांवर घट्ट बांधा. यालाही मलमलच हवी. जाड कापडात रंग आतल्या घड्यांपर्यंत जात नाही.

पिशव्या, रुमाल, स्क्रंची (केसांना लावायचं कापडी रबर) यांना वेगळी कृती लागत नाही. कॅनव्हासची पिशवी सोड्यात तासभर ठेवा, एवढंच. स्क्रंचीचं कापड आधी रंगवून मग शिवा, कारण इलॅस्टिक रंगत नाही आणि चुण्यांत रंग अडकून राहतो.

कालवलेल्या रंगात सोडा पडलेला नसेल, तर थंड जागी तो चार-पाच दिवस चालतो, उन्हाळ्यात दोनच. सोडा पडला की काही तासांत त्याचा जीव जातो, मग तो कितीही गडद दिसो. उरलेला रंग टाकण्याआधी कापडाच्या पट्ट्यांवर लावा, पट्टीच्या टोकाला रंगाचं नाव आणि ग्रॅम पक्क्या मार्करने लिहा आणि पट्ट्याही तशाच चोवीस तास ठेवून धुवा. पुढच्या वेळी वाळलेली छटा बघून प्रमाण ठरवता येतं, कारण ओला रंग नेहमी दोन छटा गडद दिसतो.