स्कोप शोधताना: सिल्हूटच्या पहिल्या पाच महिन्यांची नोंद

मार्च

सिल्हूटच्या, म्हणजे लोखंडी प्राणी-पक्ष्यांच्या आकृत्या पाडायच्या नेमबाजीच्या, पहिल्या मॅचचं कार्ड समोर ठेवूनच लिहायला बसलोय. 40 पैकी 9. कोंबड्या 4, डुकरं 3, टर्की 1, मेंढा 1. कॉलेजात असताना एनसीसीच्या .22 डिलक्स रायफलीनं आडवं पडून नेम धरला होता, तेवढीच शिदोरी. पण इथे पेनसिल्व्हेनियात क्लबच्या रेंजवर लोखंडी कोंबडी ‘टण्ण’ वाजून रुळावरून मागे पडताना पाहिली, त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची ओळख ऑलिंपिकच्या नेमबाजीशी, म्हणून आधी थोडं या खेळाबद्दल. हा खेळ मूळचा मेक्सिकोचा. तिथे त्याला सिलुएतास मेतालिकास म्हणतात, म्हणजे धातूच्या आकृत्या. .22 साठी 40 मीटरवर कोंबडी, 60 वर रानडुक्कर, 77 वर टर्की आणि 100 वर मेंढा. मोठ्या रायफलींच्या मॅचमध्ये हीच चौकडी 200, 300, 385 आणि 500 मीटरवर असते. .22 ची लक्ष्यं त्यांच्या एक पंचमांश आकाराची, आणि अंतरंही एक पंचमांश. सगळं उभ्यानं मारायचं. पट्ट्याचा आधार नाही, ताठ शूटिंग जॅकेट नाही. पाच लक्ष्यांची रांग, अडीच मिनिटं, डावीकडून उजवीकडे, एका लक्ष्याला एकच गोळी. चुकली तर ते लक्ष्य सोडून पुढच्याकडे वळायचं. गोळी लागून लक्ष्य जागच्या जागी फिरलं तर शून्य. ते पडलंच पाहिजे.

2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या मॅचमधला उभ्याचा भाग मी कितीदा पाहिला असेल, मोजलेलं नाही. शरीर स्थिर कसं होतं हे शिकायला त्याहून चांगला धडा नाही. पण त्या खेळात दुर्बीण चालत नाही, डायॉप्टरच्या छिद्रातून बघायचं आणि अंतर एकच. आपल्याकडे स्कोप चालतो, आणि मॅच चालू असताना त्याचं टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायची चकती, चार अंतरांसाठी फिरवावं लागतं. माझी सगळी अडचण तिथेच होती, हे कळायला मला महिना लागला.

एप्रिल

रायफल सीझेड 455. तिच्यावर होता तो स्कोप नवाच, स्वस्तातला, 6 ते 24 पटींचा. घेताना मी तो 24 आकडा बघितला आणि काच बघितली. दोन्ही गोष्टी खरंच वाईट नव्हत्या. 100 मीटरवरचा मेंढा डोळ्यासमोर उभा राहायचा. तरी गोळ्या कुठे जातायत याचा पत्ता लागेना. कोंबड्यांवर बरं चाललेलं असताना डुकरांवर गेलो की गोळी खाली, परत कोंबड्यांवर आलो की वर. मला वाटलं, हात हलतोय.

क्लबातले एक सत्तरीचे गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं हा खेळ खेळतायत. त्यांनी माझे पाच शॉट बघितले आणि म्हणाले, “हाताचं नंतर बघू. आधी तुमचा स्कोप परत जागेवर येतो का, ते तपासा.”

ती तपासणी सविस्तर लिहितो, कारण स्कोप घेण्याआधी हे कोणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. बरोबर 50 यार्डांवर, म्हणजे 45.72 मीटरवर, पाटीवर उभी मोजपट्टी चिकटवली. यार्ड धरायचं कारण असं की रेंजवर त्याच खुणा आहेत, आणि अंतर टेपनं मोजलेलं असायला हवं. रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवली. काडतूस नाही, चेंबर रिकामं. रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, पट्टीच्या शून्यावर आणलं आणि टरेट 20 एमओए (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) फिरवलं, म्हणजे पाव एमओएचे 80 क्लिक. त्या अंतरावर रेटिकल 26.6 सेंटिमीटर सरकायला हवं. माझं सरकलं 25.5.

इथे मी निराश झालो, पण गृहस्थांनी मान हलवली. एवढी चूक चालते. क्लिक थोडा लहान असेल तर आपण आपले आकडे स्वतः मारून ठरवतो, डब्यावर छापलेले घेत नाही. मग त्यांनी मला 80 क्लिक उलटे फिरवायला लावले. रेटिकल शून्यावर आलं नाही. पहिल्यांदा दीड सेंटिमीटर वर राहिलं. दुसऱ्यांदा एक सेंटिमीटर, तिसऱ्यांदा जवळजवळ जागेवर. दर वेळी वेगळं. रायफल सरकलेली नाही हे बघायला आम्ही पिशव्या पुन्हा दाबून बसवल्या, स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू तपासले, तरी तेच.

हे असं का होतं, तर टरेटचा स्क्रू आतल्या नळीला खाली दाबतो आणि समोरून एक स्प्रिंग तिला वर ढकलत असते. स्क्रू आत जाताना नळीला तोच ढकलतो, बाहेर येताना सगळं त्या स्प्रिंगवर. स्प्रिंग कमजोर असेल किंवा आतले भाग खरखरीत असतील, तर नळी मध्येच अडकते आणि दोन-तीन गोळ्यांच्या हादऱ्यानं हळूच जागेवर येते. एका अंतरावर झिरो करून, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून, ठेवायच्या शिकारीच्या रायफलीला याचा काही त्रास नाही. आपण मात्र एका मॅचमध्ये टरेट निदान तीनदा वर नेतो आणि शेवटी खाली आणतो.

माझ्या रायफलीचे आकडे आता पक्के आहेत. गोळी सेकंदाला 1070 फूट वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी. 40 मीटरच्या झिरोवरून 60 ला 10 क्लिक, तिथून 77 ला 11, आणि 77 वरून 100 ला तब्बल 17. एकूण 38. शेवटच्या टप्प्यात गोळी किती वेगानं खाली झुकते ते या 17 वरून दिसतं. पाव एमओएचा एक क्लिक 40 मीटरवर साधारण 3 मिलिमीटर, 100 वर 7. कोंबडी तळहातात मावेल एवढी. पाच क्लिक इकडेतिकडे झाले की ती गेलीच.

मे

बजेट 300 डॉलर, त्यातच सगळं. गृहस्थांनी आपला वीव्हरचा टी-24 दोन मॅचसाठी मला लावायला दिला. अनोळखी माणसावर एवढा विश्वास ठेवला, याची जाणीव मला आहे. वीव्हरच्या या मालिकेतल्या मायक्रो-ट्रॅक टरेटची सिल्हूटवाल्यांत एवढी ख्याती का, ते तेव्हा समजलं. वर-खाली आणि डावं-उजवं यांची हालचाल एकमेकांच्या आड येत नाही. चाळीस वेळा फिरवा, चाळीस वेळा तिथेच.

पण 24 पट मला झेपले नाहीत. उभं राहिलं की रेटिकल टर्कीभोवती असं भिरभिरतं की ट्रिगर दाबायची हिंमत होत नाही, आणि मग घाईनं दाबला जातो. मुरलेल्या लोकांना ते भिरभिरणं दिसूनही त्यातली लय पकडता येते, मला अजून येत नाही. शिवाय 40 मिमीच्या पुढच्या काचेला 24 ने भागलं तर डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल जेमतेम 1.7 मिमीचा. मान जराशी हलली की चित्र काळं. 12 पटींवर तोच गोल 3.3 मिमी होतो आणि गाल टेकवल्या टेकवल्या लक्ष्य सापडतं. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा लहरायला लागली की मोठ्या पटींवर मेंढा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो, ते वेगळंच.

पॅरलॅक्सकडे, म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसतं त्याकडे, मी आधी उगाच दुर्लक्ष केलं होतं. बरेच स्वस्त स्कोप 100 यार्डांसाठी कायमचे बांधलेले असतात. 40 मिमी काच असेल आणि डोळा अगदी कडेला गेला, तर 40 मीटरवर नेम 11 मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. गणित सोपं: काचेची त्रिज्या 20 मिमी, गुणिले अंतरातला फरक 51 मीटर, भागिले 91, म्हणजे 100 यार्डांचे मीटर. कोंबडीसाठी 11 मिलिमीटर म्हणजे फारच. म्हणून पुढच्या काचेवर किंवा बाजूला फिरवायचं फोकस हवंच, आणि ते 40 मीटरपर्यंत खाली आलं पाहिजे. यात तडजोड करू नका.

जून

दुकानात तीन आणि ओळखीतले दोन, असे पाच स्कोप तपासले. प्रत्येक वेळी मोजपट्टी घेऊन गेलो. दुकानात 50 यार्ड मिळत नाहीत, पण समोरच्या भिंतीवरच्या विटांच्या सांध्यावर रेटिकल ठेवून वर-खाली फिरवलं तरी टरेटचा स्वभाव कळतो. प्रत्येक क्लिक बोटाला स्वतंत्र जाणवला पाहिजे. भुसभुशीत टरेटवर मॅचच्या धावपळीत मोजणी चुकते.

शेवटी घेतला तो वापरलेला, 4 ते 16 पटींचा, 44 मिमीचा, पुढच्या काचेवर फोकस, उघडी टरेटं, बारीक साधी क्रॉसहेअर. 230 डॉलर. दहा वेळा 38 क्लिक वर-खाली केले आणि दहाही वेळा जागेवर आला. नाव मुद्दाम लिहीत नाही. हा एक नग चांगला निघाला, म्हणून त्या मॉडेलचे सगळे तसेच असतील असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

उरलेल्या 70 पैकी बरेचसे रिंगांवर गेले. सीझेड 455 ला वर 11 मिमीचा डव्हटेल, म्हणजे रिंगा अडकवायची खाच, असतो, पिकॅटिनी रेलच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पट्टीच्या, रिंगा तिथे बसत नाहीत. वजनही बघा: हंटर वर्गात रायफल स्कोपसकट साडेआठ पौंडांच्या आत हवी, म्हणजे सुमारे 3.85 किलो. माझी 3.5 भरते.

जुलै

स्कोप 14 पटींवर कायम ठेवला. टरेटवर पांढऱ्या रंगानं चार रेघा ओढल्या, कोंबडीची, डुकराची, टर्कीची, मेंढ्याची. दर मॅचनंतर टरेट कोंबडीच्या रेघेवर आणून ठेवतो आणि पेटी बंद करण्याआधी एकदा बघतो.

काल 40 पैकी 17. कोंबड्या 5, डुकरं 6, टर्की 2, मेंढे 4. पाचवी कोंबडी पडली तेव्हा गोळी कुठे जाणार हे ट्रिगर सुटायच्या आधी मला माहीत होतं. ती भावना मार्चमध्ये एकदाही आली नव्हती. टर्की उभी आणि अरुंद, तिथे डावं-उजवं हलणं लगेच उघडं पडतं. आता तीन आठवडे रोज संध्याकाळी घरातल्या भिंतीवर टर्कीची छोटी आकृती लावून, रिकाम्या रायफलीनं वीस ड्राय फायर.