पाठनिरीक्षणात एआयची मदत: माझा अनुभव

मागच्या बाकावर बसून पाठ बघणाऱ्याला दोन कामं एकदम करावी लागतात. घडतंय ते टिपायचं आणि त्याचा अर्थही लावायचा. टिपण्यात डोकं गुंतलं की मुलांच्या वह्यांकडे लक्ष जात नाही; वह्या बघायला उठलं की बाईंनी नेमकं काय विचारलं ते निसटतं. बी.एड.ला शिकलेली, वर्गातलं बोलणं नोंदवायची फ्लँडर्सची पद्धत आठवून पाहा: बोलण्याचे 10 प्रकार आणि दर 3 सेकंदांना एक नोंद, म्हणजे 40 मिनिटांच्या तासिकेत 800 नोंदी. एवढं लिहिणाऱ्याला वर्ग दिसणारच नाही. म्हणून टिपण्याचं काम मी यंत्राकडे देतो. शेरा आणि गुण मात्र माणसानेच द्यायचे.

सुरुवात परवानगीपासून. शिक्षकाला आदल्या दिवशीच सांगायचं की ध्वनिमुद्रण होणार आहे, ते कोण ऐकणार आणि केव्हा पुसलं जाणार. हे मुद्रण गोपनीय अहवालाला जोडलं जाणार नाही, हे लिहून द्यावं. नुसत्या तोंडी आश्वासनावर कुणी मोकळेपणाने शिकवत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. मुलांचा आवाज येणार म्हणून पालकांची लेखी संमती घ्यायची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील सगळे बालकच धरलेले आहेत. मी व्हिडिओ घेतच नाही. आवाजावर काम भागतं आणि वर्गही बिचकत नाही.

फोन टेबलावर ठेवला तर खडूचा, डस्टरचा आणि पंख्याचाच आवाज जास्त येतो. शिक्षकाच्या कॉलरला साधा माइक लावायचा, फोन खिशात, एअरप्लेन मोडवर. मुलांची उत्तरं हवी असतील तर दुसरा फोन वर्गाच्या मध्यावर, पंख्याखाली येणार नाही असा. एकच चॅनल, 16 किलोहर्ट्झ, 16 बिट एवढं पुरतं. 40 मिनिटांची वेव्ह फाइल साधारण 77 एमबीची होते. पत्र्याच्या वर्गात पाऊस सुरू असेल तर त्या दिवशी मुद्रण नको, नेहमीसारखं कागदावर टिपावं.

लेखी उतारा काढायला व्हिस्पर हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं. 2022 मध्ये आलेलं हे मॉडेल स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे मुलांचा आवाज बाहेर जात नाही. भाषा ‘मराठी’ अशी आपण ठरवून द्यायची. ते त्याच्यावर सोडलं तर मराठीला हिंदी समजण्याचा धोका असतो. लहान मॉडेलचा मराठी उतारा वाचवत नाही. मध्यम मॉडेलला ग्राफिक कार्डाची सुमारे 5 जीबी मेमरी लागते, मोठ्याला 10 जीबी.

चुका कुठे होतात हे ठाऊक असलं की तपासायला वेळ लागत नाही. मुलं वहीत गणितं सोडवत असतात, वर्ग शांत असतो, आणि नेमकी तिथेच व्हिस्पर कुणीही न बोललेली वाक्यं घुसडतं किंवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा छापतं. असे शांत तुकडे आधीच कापून टाकावेत. समूहस्वरातली उत्तरं बहुधा गळतात. अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांची वाक्यं हमखास बिघडतात. ती ऐकून हाताने लिहावी लागतात. तसं केलं नाही तर ‘मुलं बोलली नाहीत’ असा खोटा निष्कर्ष निघतो आणि त्याचा भुर्दंड शिक्षकाला पडतो.

उताऱ्यातली नावं काढून ‘मूल 1’, ‘मूल 2’ केल्यावरच तो भाषिक मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणाऱ्या एआयला, द्यायचा. माझी सूचना अशी असते: ‘प्रत्येक प्रश्न वेळेसह जसाच्या तसा लिही. एका शब्दात उत्तर येणारे, कारण विचारणारे आणि नुसती खात्री करणारे असे तीन गट कर. मत देऊ नकोस, उताऱ्यात नसलेलं काही लिहू नकोस.’

हातच्याची वजाबाकी घ्या, 52 वजा 27.

‘एककाच्या घरात किती?’ ‘दोन.’
‘दोनातून सात जातील का?’ ‘नाऽही.’
‘मग आपण दशकाकडून एक दशक घेतला, आता एककात झाले...’ ‘बारा.’
‘कळलं का?’ ‘होऽऽ.’

मॉडेल यात तीन प्रश्न मोजतं. ‘कळलं का’ हा खरं तर प्रश्नच नव्हे, म्हणून तिसरा गट. उलट ‘झाले...’ असं वाक्य लांबवून सोडणं ही आपल्या वर्गांतली विचारण्याची नेहमीची रीत. पुढे प्रश्नचिन्ह नसल्याने मॉडेल ते विधान समजतं. अशी अर्धी वाक्यं हाताने शोधावी लागतात. दशक सुटा केल्यावर दशकाच्या घरात किती उरले, ते का, हे इथे कुणी विचारलंच नाही. चर्चा करायची ती यावर. ती जागा उतारा दाखवतो. मागच्या बाकावरून ती सहज सुटते.

प्रश्नानंतर शिक्षक किती थांबतात हे यंत्राच्या वेळेवरून काढू नये, ती वेळ तेवढी अचूक नसते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीची लहर बघून पाच-सहा जागा मोजल्या की पुरे. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि 3 सेकंद थांबले की उत्तरं लांबतात.

बहुवर्ग शाळेत विशेष जपावं. बाई इयत्ता दुसरीच्या मुलांकडे वळल्या की तिसरीच्या मुलांसाठी ती शांतता असते, आणि मॉडेल तिला ‘अध्यापन नाही’ म्हणतं. कोणत्या मिनिटाला कोणती इयत्ता, हे निरीक्षकाने घड्याळ लावून लिहिलेलं असलं तरच आकड्यांना अर्थ येतो.

मॉडेलकडे गुण मागू नयेत. तोच उतारा दोनदा दिला तर गुण बदलू शकतात, आणि शेरे सगळ्यांना सारखेच गोड मिळतात. फळ्यावरचं लेखन, वह्या, मागे बसलेलं गप्प मूल यांतलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं. मुलांच्या चेहऱ्यावरून ‘लक्ष किती टक्के’ सांगणारे कॅमेरे तर शाळेत आणूच नयेत. शाळेत आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर युरोपीय संघात फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे.

चर्चा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी. उतारा आधी शिक्षकाच्या हातात द्यायचा, त्यांना स्वतःला काय दिसतं ते विचारायचं, आणि पुढच्या पाठासाठी एकच बदल ठरवायचा. लॉगबुकात तो बदल आणि शिक्षकाचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहावं, मग दोघांच्या सह्या. सह्या झाल्या की ध्वनिफाइल त्यांच्यासमोर पुसायची, फोनमधली आणि संगणकातलीही.