एफएनडी आणि लघवीचा त्रास
माझ्या बहिणीला एफएनडी (फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे मेंदू आणि शरीरातला संदेशांचा ताळमेळ बिघडतो) आहे, पाय अचानक लुळे पडतात हे घरात सगळ्यांना माहितीये, पण लघवी अडते हे ती लाजेपोटी किती दिवस कुणाला बोललीच नाही. एमआरआय नॉर्मल आला म्हणजे नाटक असं नसतं हो! ब्लॅडर भरलेलं असतं पण खालचा स्नायू सैलच होत नाही, काहींना उलट सारखी घाई लागते. लंडनच्या डॉ. क्लेअर फाउलर यांनी १९८०च्या दशकात तरुण बायकांच्या अशा अडलेल्या लघवीवर काम केलं, आधी सरसकट मानसिकच म्हणायचे. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, बद्धकोष्ठता यांनीही त्रास वाढू शकतो, डॉक्टरांना सांगा. आणि लघवी अचानक बंद होऊन मांड्यांमधला भाग बधिर झाला तर एफएनडीच असेल म्हणून घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.