झोक्याखालचे पेव्हर ब्लॉक

लेकीच्या हनुवटीला तीन टाके पडले, तेव्हा मी आमच्या बागेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सात वर्षं पुण्यात याच कॉलनीत राहतेय, रोज संध्याकाळी तिला तिथे न्यायचे. पण झोक्याच्या बरोबर खाली पेव्हर ब्लॉक आहेत, हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. चिखल होऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी बसवले असणार.

साल २०२२. नगरसेवकांची मुदत मार्चमध्ये संपलेली, महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे. म्हणजे नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसायचं, हा नेहमीचा रस्ता बंद. तळमजल्यावरच्या काकांनी सांगितलं, अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, त्याचा अर्ज भर. पुण्यात २००६ पासून ही सोय आहे आणि मला पत्ताही नव्हता. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, एका कामाला कमाल ५ लाख.

मी उत्साहाने सगळंच लिहून टाकलं. खेळणी, दिवे, स्वच्छतागृह, चालायचा ट्रॅक. तिथल्या इंजिनिअरांनी अर्ज शांतपणे वाचला. म्हणाले, "ताई, एक काम लिहा, जागा नेमकी लिहा, मग ते धरता येतं. आणि हे तुमचं एकटीचं म्हणणं आहे, की बागेत येणाऱ्या सगळ्यांचं?"

दुसरा प्रश्न मला झोंबला. मग रविवारी सकाळी अकराला सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. बावीस जण आले, त्यातले वीस साठीच्या पुढचे. ट्रॅक सपाट हवा, ओपन जिम हवी आणि मुलांचा आरडाओरडा जरा कमी होईल असं काहीतरी हवं. एक काका म्हणाले, "आम्ही आंब्यावरून पडलो आणि मोठे झालो, आम्हाला कुणी गादी घातली नव्हती." सगळे हसले, मीही. रात्री इतिवृत्त लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, खेळायच्या जागेची बैठक आणि खेळणारं एकही पोर नाही. आयाही नाहीत. रविवारी अकराला त्या कुठे असतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती; माझाच कुकर मी बहिणीच्या भरवशावर ठेवून गेले होते.

पुढचा आठवडाभर पाच ते आठ वही घेऊन बाकावर बसले. बैठकीत कळलं नसतं ते तिथे दिसलं. साडेसहाच्या पुढे मागच्या वस्तीतली मुलं येतात, कारण तेव्हा त्यांच्या आयांची धुण्याभांड्याची कामं संपतात. त्यांतली नऊएक वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन झोक्याच्या रांगेत उभी राहायची आणि नंबर आला की दुसऱ्याला द्यायची. भावाला ठेवणार कुठे? एका बाजूने मोडलेल्या सी-सॉवर पोरींचं वाण्याचं दुकान चालायचं. घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला, पत्रा असा तापायचा की सहा वाजेपर्यंत कुणी वरून यायचं नाही. सगळे खालूनच चढायचे.

शेवटी खडू वाटले आणि म्हटलं, काय पाहिजे ते फरशीवर काढा. हेलिकॉप्टर निघालं, पोहण्याचा तलाव निघाला. पण आठ-नऊ मुलांनी किल्ला काढला. आमच्या सगळ्या इमारतींच्या आवारात फरशी झालीये. दिवाळीत किल्ला करायला जागा नाही, म्हणून हल्ली तयार प्लास्टरचा आणतात. एक मुलगा म्हणाला, "मावळे पिशवीभर आहेत काकू, माती नाही."

त्यानंतरचा वाद रबर की वाळू. रबराची फरशी दिसायला देखणी, पण सगळीकडे टाकली तर ५ लाखांतलं बरंचसं त्यातच जातं आणि एप्रिलच्या उन्हात तीही तापते. वाळू स्वस्त, पण कुत्री-मांजरं. हा मुद्दा खरा होता, त्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. शेवटी वाळू ठरली: झोक्याखाली फूटभर खोल, आणि त्या भागाला कमरेइतकं कुंपण. शिवाय लहानग्यासाठी बंद पाळणा-झोका एक, घसरगुंडी उत्तरेकडे, आणि एका कोपऱ्यात नुसती माती. कठड्याच्या दांड्यांमधलं अंतर मी पट्टीने मोजलं. साधारण ९ ते २३ सेंटिमीटरची फट वाईट. तिच्यातून अंग जातं आणि डोकं अडकतं. आमची चौदा होती.

सह्या ब्याण्णव झाल्या. अर्ज सप्टेंबरचा आणि खोदाई सुरू झाली ती जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या काळाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की मी फोन करत राहिले.

काम सुरू झालं आणि ठेकेदाराच्या माणसांनी घसरगुंडी पुन्हा पश्चिमेलाच उभी केली, कारण जुने बोल्ट तिथे होते. मोबाइलवरचं होकायंत्र दाखवत मी तिथे अर्धा तास उभी. मग वाळू आली ती बांधकामाची, क्रश सँड. दगड फोडून केलेली, कणांना धार. तिच्यावर पाणी पडलं आणि चार दिवसांत तिचा ओटा झाला. टाच आपटली तरी खूण उठेना. नदीच्या वाळूसारखे गोल कण असले तरच पाय रुततो आणि पडणारा वाचतो, हे मलाही त्याच आठवड्यात कळलं. ती उपसून दुसरी आणायला महिना गेला.

सगळं काही जमलं नाही. पाळणा-झोक्याची साखळी पावसाळ्यातच तुटली. ती बसवून घेईपर्यंत कडेवरचा भाऊ चालायला लागला होता आणि आता बहिणीला तो झोक्याजवळ फिरकू देत नाही. वाळू रोज सकाळी माळीकाका दाताळ्याने उलटतात, कधी मी.

उपटलेले पेव्हर ब्लॉक मातीच्या कोपऱ्यालगत ढीग करून तसेच पडले होते. उचलून न्या म्हणून मी दोनदा लेखी दिलं होतं. दिवाळीच्या आधी चार दिवस संध्याकाळी गेले तर ढीग निम्मा झालेला. मातीच्या डोंगराला सबंध तटबंदी, दोन बुरूज, वर मोहरी पेरलेली. आंबेवाले काका काठी टेकून विचारत होते, "सिंहगड म्हणता, मग कल्याण दरवाजा कुठाय?" पोरं आणखी ब्लॉक आणायला धावली.

ब्लॉक उचलण्याचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी मागे घेतला.