अकराशे रुपयांचा माग

ऑगस्ट 2022 चं पगारबिल माझ्या टेबलावर आलं ते निव्वळ योगायोगाने. लेखा विभागातल्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या आणि प्राचार्यांनी सांगितलं, महिनाभर वेतनाचं काम तुम्ही बघा. माझी सगळी नोकरी प्रवेश आणि परीक्षा विभागात गेलेली. पगारबिलं ज्या ऑनलाइन प्रणालीत बनतात त्या सेवार्थमध्ये लॉगिन कसं करतात इथपासून माझी सुरुवात. शेवटी बिलाचा प्रिंट काढला आणि फूटपट्टी लावून एकेक ओळ तपासत बसले. वरिष्ठ लिपिक, दोन नावं, एकाखाली एक. माझं बेसिक 36,400. खालच्या ओळीत 37,500.

खालची ओळ ज्याची, तो माझ्यानंतर लागलेला. मी ऑगस्ट 2002 मध्ये रुजू झाले, तो ऑक्टोबरमध्ये. अनुदानित महाविद्यालय तेच, कनिष्ठ लिपिकाचं पद तेच, 3050-4590 ची श्रेणीही तीच. वरिष्ठ लिपिक मी फेब्रुवारी 2013 मध्ये झाले, तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मला ताई म्हणतो, माझ्या हाताखाली काम शिकला. आणि बेसिकला माझ्यापुढे 1,100 रुपये. महागाई भत्ता, घरभाडं धरलं तर महिन्याला दीड हजाराच्या आसपास.

पहिले दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. डोक्यात जे आलं ते काही शोभणारं नव्हतं. त्याचं संस्थेत कोणीतरी असेल, कुठेतरी सही फिरली असेल, असलंच सगळं. कार्यालयात विषय काढला तर प्रत्येकाकडे उत्तर तयार. एक म्हणाला नशीब, दुसरा म्हणाला बाई माणसाला कोण विचारतं, तिसऱ्याने जातीवरून काहीतरी सुचवलं. त्याचं तोंड मी तिथेच बंद केलं. पण खरं कारण एकालाही माहीत नव्हतं, आणि आम्ही सगळे वीस-वीस वर्षं कागद हाताळणारी माणसं. प्राध्यापकांच्या वेतननिश्चितीवर स्टाफरूममध्ये तासन् तास चर्चा चालते, ते एकमेकांचे तक्ते तपासतात. आम्ही विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेतला एक मार्क शोधून काढू, पण स्वतःचं सर्व्हिस बुक उघडणार नाही.

शेवटी आमच्या निवृत्त अधीक्षकांकडे गेले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी माझी हकीकत पुरती ऐकलीच नाही. मध्येच थांबवून दोन प्रश्न विचारले.

"पदोन्नती कोणत्या तारखेची?"

"11 फेब्रुवारी 2013."

"ऑप्शन दिला होता का?"

मी म्हटलं, कसला ऑप्शन? त्यावर ते हसले आणि पेन्सिल मागितली.

पुढचा अर्धा तास त्यांनी उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पुरवणीवर जे मांडलं, ते मला वीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलं नव्हतं. सहाव्या वेतन आयोगात सगळ्यांची वेतनवाढ 1 जुलैला. पण त्याला अट अशी की 1 जुलैला त्या वेतनश्रेणीत सहा महिने पूर्ण झालेले हवेत. जुलै 2012 ला आम्हा दोघांचं वेतन अगदी एक होतं, 7,960 आणि ग्रेड पे, म्हणजे पदाच्या श्रेणीनुसार ठरलेली रक्कम, 1,900, मिळून 9,860. मला फेब्रुवारीत पदोन्नती मिळाली. तीन टक्क्यांची एक वेतनवाढ, म्हणजे 300, आणि ग्रेड पे 2,400. झाले 10,660. मी खूश. पण 1 जुलै 2013 ला नव्या श्रेणीत माझे चार महिने वीस दिवसच भरले होते. वाढ नाही. पुढची थेट जुलै 2014 मध्ये.

त्याने मात्र जुलै 2013 ची वाढ जुन्या श्रेणीत घेतली, 10,160 झाला. मग ऑगस्टमध्ये पदोन्नतीची वाढ घेतली, 310. नवीन ग्रेड पे धरून 10,970. जुलै 2014 ला त्याचे सहा महिने कधीच भरून गेले होते, म्हणून पुढची वाढही वेळेवर. म्हणजे सहा महिने उशिरा पदोन्नती मिळाल्याने तो माझ्यापुढे 310 रुपये गेला. लबाडी नाही, वशिला नाही, सगळं नियमात.

"आणि हाच फरक तू टाळू शकत होतीस," भाऊसाहेब म्हणाले. पदोन्नतीनंतर एका महिन्यात लेखी विकल्प द्यायचा असतो, की माझी वेतननिश्चिती पदोन्नतीच्या तारखेला नको, पुढच्या वेतनवाढीच्या तारखेला करा. तसा दिला असता तर 30 जूनपर्यंत मला फक्त नवीन ग्रेड पे मिळाला असता, आणि 1 जुलैला नेहमीची एक आणि पदोन्नतीची एक, अशा दोन वाढी एकदम. बरोबर 10,970. त्याच्या बरोबरीने. साडेचार महिने मी तीनशे रुपये जास्त घेतले आणि त्यापायी नऊ वर्षं मागे राहिले.

तीनशे-दहाचे अकराशे कसे झाले तेही त्यांनी दाखवलं. 1 जानेवारी 2016 ला सातव्या आयोगात 2.57 ने गुणायचं आणि तक्त्यात पुढचा टप्पा धरायचा. माझे 11,310 झाले 29,067, म्हणून टप्पा 29,600. त्याचे 11,640 झाले 29,915, म्हणून टप्पा 30,500. एस-8 चा, म्हणजे आमच्या वेतनस्तराचा, तो तक्ता मी आता पाठ म्हणून दाखवू शकते. एकदा एक घर मागे पडलात की दरवर्षी एक घर मागेच, आणि घरं वर वर मोठी होत जातात. निवृत्तिवेतनही त्याच शेवटच्या घरावर.

सर्व्हिस बुक मागितलं तेव्हा वाटलं होतं, लपवाछपवी निघेल. निघाली माझीच सही. दरवर्षी कर्मचाऱ्याने सर्व्हिस बुक पाहून सही करायची असते. 2013 च्या पानावर निळ्या शाईत वेतननिश्चितीची नोंद, शेजारी लेखाधिकाऱ्यांचा पडताळणीचा शिक्का, आणि खाली माझी झोकदार सही. न वाचता केलेली. 2014, 2015, सगळ्या पानांवर. मात्र एक गोष्ट माझ्या बाजूने निघाली. पदोन्नतीच्या आदेशात "एका महिन्याच्या आत विकल्प सादर करावा" हे वाक्यच नव्हतं. तीन ओळींचा आदेश, त्यात रुजू होण्याचा दिनांक आणि परिविक्षेचा कालावधी, बस्स. भाऊसाहेब म्हणाले, तुझी केस याच रिकाम्या जागेवर उभी राहील.

अर्ज नोव्हेंबर 2022 मध्ये केला. प्राचार्यांमार्फत संस्थेला, संस्थेमार्फत जेडी ऑफिसला, म्हणजे उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयाला. सोबत पदोन्नतीचा आदेश, उशिराचा विकल्प, विलंब का झाला त्याचा खुलासा, सेवाज्येष्ठता यादी आणि आम्हा दोघांच्या वेतनाचा वर्षनिहाय तुलनात्मक तक्ता. तक्त्यासाठी त्याच्या सर्व्हिस बुकच्या प्रती हव्या होत्या. माहिती अधिकारात दुसऱ्याच्या नोंदी सहसा वैयक्तिक म्हणून नाकारल्या जातात, म्हणून सरळ त्यालाच विचारलं. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमचं वाढायच्या ऐवजी माझंच कमी करतील असं तर होणार नाही ना?"

ही भीती खोटी नव्हती. डिसेंबर 2018 मध्ये शिक्षकेतरांच्या आश्वासित प्रगती योजनेचे, म्हणजे ठरावीक वर्षं पदोन्नती न मिळाल्यास वरची वेतनश्रेणी देण्याच्या योजनेचे, आधीचे शासन निर्णय रद्द झाले, कारण काय तर वित्त विभागाची संमती घेतलेली नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षं तो पगार घेतला त्यांच्या मानेवर वसुली आली. तेव्हापासून आमच्याकडे कोणी फाईल उघडायची म्हटली की पोटात गोळा येतो. भाऊसाहेबांनी त्याला डिसेंबर 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला, की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून चुकून जादा दिलेल्या पगाराची वसुली करता येत नाही. आणि लगेच, त्यांच्या सवयीप्रमाणे, दुसरी बाजूही सांगितली. 2016 च्या एका निकालात, ज्याने जादा रक्कम परत करीन असं वचनपत्र आधी लिहून दिलंय त्याला हे संरक्षण मिळालं नाही, आणि सातव्याच्या फिक्सेशनच्या वेळी तसलं वचनपत्र आम्हीही लिहून दिलेलं आहे. "पण तुझी निश्चिती बरोबरच आहे, तुला काय होतंय," असं त्याला म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने प्रती आणून टेबलावर ठेवल्या. काही बोलला नाही. मीही नाही.

तक्ता टाइप करून दिला आमच्या डेटा एंट्रीवाल्या मुलीने. एकत्रित मानधनावर आहे, दरवर्षी अकरा महिन्यांचा आदेश. टाइप करता करता तिने विचारलं, "ताई, ही जुलैची वाढ सगळ्यांनाच मिळते का?" मी म्हटलं, कायम असणाऱ्यांना. तिने पुढची ओळ टाइप केली. शिक्षकेतरांची भरती वर्षानुवर्षं बंद, पदं रिक्त, त्यामुळे तिच्या टेबलावरचं काम माझ्याइतकंच. माझं भांडण एका वेतनवाढीचं. तिच्या नोकरीत वेतनवाढ नावाचा रकानाच नाही. मला तेव्हा थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण अर्ज मागे घ्यावा इतकं नाही.

पहिली त्रुटी जानेवारीत आली. "विकल्प विहित मुदतीत सादर केलेला नाही." म्हणजे जे आम्ही स्वतःच लिहून दिलं होतं तेच आम्हाला परत कळवलं होतं. उत्तर पाठवेपर्यंत फेब्रुवारी उजाडला आणि 20 फेब्रुवारी 2023 पासून विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकेतरांचा बेमुदत संप सुरू झाला. मागण्यांत तीच रद्द झालेली आश्वासित प्रगती योजना, आणि राज्य कर्मचाऱ्यांना 10, 20 आणि 30 वर्षांवर मिळते तशी ती आम्हालाही लागू करणं. मीही गेटवर बसले. मग मार्चमध्ये 14 तारखेपासून जुन्या पेन्शनसाठी सगळ्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप. मी आणि तो 2002 चे, म्हणून जुनी पेन्शन. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या आमच्याच प्रयोगशाळा सहायकाला ती नाही. त्याच्या फरकापुढे माझे अकराशे काय. त्या दोन महिन्यांत माझी फाईल कोणत्या कपाटात होती ते कोणालाच सांगता येईना.

दुसरी त्रुटी, ज्येष्ठता यादी साक्षांकित नाही. तिसरी, मूळ सर्व्हिस बुक सादर करा. मूळ सर्व्हिस बुक पोस्टाने पाठवायचं धाडस कोणी करत नाही. कापडी पिशवीत घालून मी स्वतः घेऊन गेले. पावती मागितली. टेबलावरचा माणूस माझ्याएवढाच, वरिष्ठ लिपिकच. पावती दिली, पण जरा रागाने. मग तक्ता वाचता वाचता थांबला. 11 फेब्रुवारीवर बोट ठेवून बोटांवर महिने मोजले. "चार महिने वीस दिवस," मीच म्हटलं. त्याने मान वर केली आणि विचारलं, "तुमच्याकडे विकल्पाचा नमुना आहे का? कोरा?" का हवाय ते मी विचारलं नाही. पिशवीत दोन प्रती होत्या, एक दिली.

त्या दिवसानंतर फाईल हलली असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. जानेवारी 2024 मध्ये आदेश आला. पदोन्नतीच्या आदेशात विकल्पाचा उल्लेख नसल्याने विलंब क्षमापित, वेतननिश्चिती 1 जुलै 2013 पासून सुधारित. फेब्रुवारीच्या पगारात बेसिक 38,600 झालं. त्याच्या ओळीत 38,600, माझ्या ओळीत 38,600. 2013 मध्ये 11 फेब्रुवारी ते 30 जून घेतलेले जादा 1,393 रुपये आणि त्यावरचे भत्ते मला मिळायच्या थकबाकीच्या फरकातून वळते करायचे, हेही आदेशात आठवणीने लिहिलेलं होतं. तो हिशेब त्यांनी पहिल्या फटक्यात बरोबर केला होता, अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीतले अठरा दिवस धरून.

फरकाचं बिल अजून मंजूर नाही. "अनुदानाच्या उपलब्धतेनुसार" हे दोन शब्द त्यावर बसलेत. दर तिमाहीला एक स्मरणपत्र देते, जावक क्रमांक वहीत लिहून ठेवते.

या मार्चमध्ये ग्रंथालयातला मुलगा धावत आला. मोबाईलवर पदोन्नतीचा आदेश, काढलेला फोटो जरा तिरका. सगळे त्याचं अभिनंदन करत होते. मी फोन हातात घेऊन आधी तारीख मोठी करून पाहिली. 4 मार्च. आदेशात विकल्पाचा शब्द नव्हता. ड्रॉवर उघडून कोरा नमुना काढला आणि त्याला म्हटलं, बस, आधी हे भर.