हो, अजून जुन्याच सिस्टिमवर आहे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "अगं, तू अजून विंडोज 10 वरच?" असं विचारणाऱ्यांच्या मनात दोन अंदाज असतात: मला जमत नाही, किंवा मी घाबरते. पहिला साफ चुकीचा आहे. दुसऱ्याबद्दल बोलू.

दर महिन्याचे सुरक्षेचे अपडेट मी आल्या आल्या टाकते. 12 मे 2017 ला वॉनाक्राय, म्हणजे फाइली ओलीस धरून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पसरलं, ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामं अडली, तेव्हा त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, 14 मार्चपासून उपलब्ध होता. लोकांनी तो टाकलाच नव्हता. तेव्हा मला सुरक्षेचे धडे देऊ नका. माझं अडतं ते अख्खी सिस्टिम बदलणाऱ्या अपडेटपाशी.

का, ते सांगते. हा संगणक नव्हे, याच्या आधीचा. सिस्टिम कुणाची होती हे महत्त्वाचं नाही. त्यावर मी मावशीच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण संपादित करत होते. ती बोलताना भरकटते, मग मूळ गोष्टीवर येते, आणि कधीकधी भरकटलेलंच जास्त चांगलं असतं. काय ठेवायचं, काय कापायचं, हे आम्ही दोघींनी शेजारी बसून, भांडून ठरवलं होतं. मोठं अपडेट टाकलं. अगदी सुरळीत झालं. फाइली जागच्या जागी, चित्र सुंदर, सगळं झकास. फक्त ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात घेणारा डबा, ओळखला जाईना. बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर, म्हणजे तो डबा चालवणारा छोटा प्रोग्रॅम, काढलाच नव्हता, काढणारही नव्हते.

ठीक आहे, मागे जाऊ. मागे जायची सोय होती, मुदतीत होते, गेलेही. इंटरफेस चालू झाला. मग संपादनाचा प्रोग्रॅम उघडला, तर तो म्हणतो, हा संगणक माझ्या ओळखीचा नाही, परवाना कंपनीकडून तपासून पुन्हा ॲक्टिव्हेट करा. केलं. उत्तरच नाही. तो प्रोग्रॅम कंपनीने केव्हाच बंद केला होता आणि ॲक्टिव्हेशनचा सर्व्हरही. आतापर्यंत चालत होता तो केवळ मी काही हलवलं नव्हतं म्हणून.

"बॅकअप नव्हता का?" होता हो! हे विचारणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मूळ ध्वनिफिती होत्या, प्रोजेक्टच्या फाइलीही होत्या, एकूण एक. पण त्या फाइली फक्त तोच प्रोग्रॅम उघडू शकत होता, आणि तो दार उघडेना. मावशीचा आवाज सगळा शिल्लक होता; आम्ही दोघींनी केलेली निवड तेवढी गेली. "परत करू की," मावशी म्हणाली. केलंही. ऐकून म्हणाली, "मागच्या वेळी बरं जमलं होतं."

त्यानंतर बराच काळ मी एकच वाक्य सगळ्यांना ऐकवायचे: चालतंय त्याला हात लावू नका. पुरावाही तयार असायचा. ऑक्टोबर 2018 मधलं विंडोज 10 चं मोठं अपडेट आठवतंय? डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवलेल्या काही लोकांच्या जुन्या जागी राहिलेल्या फाइलीच त्याने पुसल्या. काही दिवसांतच ते थांबवावं लागलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा आलं. बघा, मी म्हणत नव्हते?

पण तेव्हाच्या मला आता मीच विचारते, बाई, तो प्रोग्रॅम तर आधीच मेला होता ना? अपडेट नसतं टाकलं तरी एखाद्या दिवशी डिस्क गेली असती आणि तू त्याच बंद सर्व्हरसमोर उभी राहिली असतीस. अपडेटने फक्त तारीख अलीकडे आणली. यावर तेव्हाची मी म्हणते, हो, पण काम पुरं झालं असतं. तिचंही खरं आहे.

शिवाय छोटी अपडेट हवीत आणि मोठं नको, ही माझी भूमिका फार काळ टिकणारी नाही, हे मला कळतं. जुन्या सिस्टिमला पॅच देणं कधीतरी थांबतंच. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती माझ्याकडे आहे. पण प्रोसेसर त्यांच्या यादीत बसत नाही. म्हणजे तुम्ही म्हणता तसं "एक बटण दाबायचं" एवढं सोपं नाहीच. चांगला चालणारा संगणक बदलायचा आहे.

इंटरफेस नवीन घेतलाय, ड्रायव्हरशिवाय चालणारा. मावशीचं आता जे काही करते त्याची तुकडे लावून झालेली साधी वेव्ह फाइल रोज वेगळी काढून ठेवते. तरी नवा संगणक बघायला बसले की आधी जुन्या प्रोग्रॅमची यादी काढते, त्यातल्या कुणाकुणाचे सर्व्हर जिवंत आहेत ते तपासते, आणि यादी संपायच्या आत उठते. घाबरते म्हणायचं तर म्हणा.