एका बुरशीसाठी तीन कोटेशन

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी ऱ्हायझोपस ओरायझी ही बुरशी उसाच्या चिपाडावर वाढवली. एकाच फ्लास्कमधून इथेनॉल आणि कायटोसान (बुरशीच्या पेशीभित्तिकेतला एक पदार्थ) दोन्ही काढायचं होतं. चिपाड कॉलेजसमोरच्या रसवंतीतल्या काकांनी फुकट दिलं. माझे सात आठवडे गेले ते एका सहीपायी.

पुण्याच्या एनसीआयएम या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहातून स्ट्रेन, म्हणजे या बुरशीचा ठरावीक वाण, मागवायचा होता. फॉर्म भरला, सरांची सही झाली, फाइल आमच्या हिशेब विभागात गेली. तिथे उत्तर मिळालं, "खरेदी आहे ना? मग तीन कोटेशन जोडा." मी म्हटलं, "सर, हे जिवंत कल्चर आहे, ठरावीक क्रमांकाचं." तर म्हणाले, "नाव तेच असलं की झालं, दुसरीकडून घ्या."

नाव तेच असून चालत नाही, हेच मी जीव तोडून सांगत होते. या बुरशीचे काही स्ट्रेन साखरेपासून मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवतात, काही अल्कोहोल. चुकीचा आला असता तर अख्खा प्रकल्प पाण्यात. फाइल दोनदा परत आली. तिसऱ्यांदा संबंधित साहेब रजेवर. फाइल कपाटात आणि किल्ली त्यांच्याकडे. रोज अकराला जायचं, "उद्या या" ऐकून परत यायचं. एकदा जिन्यातच रडू फुटलं.

सुटका केली ती फिजिक्सच्या लॅबमधल्या मामांनी. "एकमेव पुरवठादार म्हणून सरांचं पत्र जोड, प्राचार्यांची सही घे." दोन दिवसांत फाइल मंजूर! सात आठवड्यांत हे एकानेही सांगितलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही. तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते पत्र करा आणि त्यात स्ट्रेनचा क्रमांक लिहाच.

कल्चर आल्यावर कामाने वेग घेतला. आणि हो, चिपाड आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. रसाची साखर राहिली तर चिपाडातून नेमकी किती साखर सुटली ते कळतच नाही.

बाजारातलं बहुतेक कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचांतल्या कायटिनपासून बनतं, त्यासाठी ते तीव्र अल्कलीत तापवावं लागतं. ही बुरशी मात्र आपल्या पेशीभित्तिकेत कायटोसान स्वतःच तयार करते. मी वाळवलेली बुरशी सौम्य अल्कलीत उकळली, उरलेला गाळ ॲसेटिक आम्लात तापवून गाळून घेतला आणि त्या स्वच्छ द्रवात थेंब थेंब अल्कली सोडत गेले. पीएच आठच्या वर गेला तसे कायटोसानचे कापसासारखे पांढरे पुंजके तरंगू लागले. मी धावत जाऊन मामांना बोलावून आणलं.

इथेनॉलची चाचणी त्याच संध्याकाळी केली. डायक्रोमेटचा नारिंगी रंग हळूहळू हिरवा झाला, म्हणजे इथेनॉलही मिळालं होतं.